पहिल्या प्रतीची फळी

कंपनीने आपला इतिहास छापलाय. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, सुरुवातीलाच मालकाचा, म्हाताऱ्या विंडलचा दाढीवाला फोटो. माझा जावई डुलूथला लाकडाच्या वखारीत कारकून आहे, त्याने तो कौतुकाने आणून दिला. म्हणाला, "आई, यात तुमचं विंडलटन आहे." चष्मा लावून शोधलं. आमचं अख्खं गाव दीड पानात आटोपलंय. किती जंगल तोडलं, किती फळ्या शिकागोला गेल्या, आणि मग हे एक वाक्य: 'धरणाची उंची वाढवताना जुनी दफनभूमी आदरपूर्वक उंच जागी हलवण्यात आली.'

हलवण्यात आली! जशी काही ती स्वतःच झगा सावरत टेकडी चढून गेली. मी ते पुस्तक उचललं आणि चुलीत घातलं. जावई ओरडला, "अहो आई, ते परत द्यायचंय!" म्हटलं, सांग त्यांना, आदरपूर्वक जाळण्यात आलं.

कोणी हलवली ते मी सांगते. लेम्पी रौतिओने हलवली. मी, माझा नवरा वाइनो आणि गल्लीतली माणसं तिच्या मागे होतो, पण पहिलं फावडं तिचं होतं.

विंडलटनमध्ये जे काही होतं ते कंपनीचं होतं. घरं कंपनीची, सगळी एकाच लाल रंगाची. दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, चर्चसुद्धा कंपनीच्या फळ्यांचं. फिनलंडहून आम्ही आलो तेव्हा पाइनचं जंगल गल्लीच्या तोंडाशी होतं. दुपारीसुद्धा त्याच्यात शिरायला भीती वाटायची. काही वर्षांत ते इतकं मागे हटलं की रविवारी पोरांना घेऊन झाड बघायला चालत जावं लागे. उरले ते खुंट, क्षितिजापर्यंत. नदीवर धरण घालून कंपनीने तळं केलं होतं, त्यात ओंडके तरंगायचे. तळ्याच्या काठी गिरणी, गिरणीच्या वर टेकडी, आणि टेकडीवर मॅनेजर क्रँडलसाहेबाचं पांढरं घर. त्याच्यापुढे हिरवळ. ती हिरवळ राखायला वेगळा माणूस होता. आमच्या गल्लीतला चिखल राखायला कोणी नव्हतं.

मेलेल्यांसाठी कंपनीने नदीकाठची खालची सपाटी दिली होती, कारण ती दुसऱ्या कशाच्याच कामाची नव्हती. आणि पेटीसाठी फळ्याही द्यायची. ओंडका करवतीवर चढवला की पहिली जी फळी निघते तिला एका बाजूने साल तशीच असते. ती जळणात जाते. कंपनी आमच्या माणसांना त्या फळ्यांत घालायची. जन्मभर पांढराशुभ्र पाइन कापणारी माणसं सालीच्या खोक्यात जायची, आणि दुकानातला कारकून प्रत्येक वेळी आवर्जून सांगायचा, "हे फुकट बरं का."

लेम्पी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही अशी पातळ की ती पलीकडे शिंकली की मी अलीकडून तिला जप म्हणायचे. बिनलग्नाच्या कामगारांचे कपडे ती धुवायची. हात कायम लाल. बोलणं कमी, पण बोलली की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागे. तिचा नवरा काल्ले ओंडके वर ओढायच्या साखळीपाशी होता. एक दिवस साखळी तुटली. त्याला खालून काढायला जेवढा वेळ लागला तेवढीच गिरणी थांबली, मग भोंगा परत वाजला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिची तान्ही आइली घटसर्पाने गेली होती. माझा भाऊ ऑस्कारीही तिथेच, त्या सपाटीवर. बॉयलर फुटला त्यात तो गेला. कंपनी म्हणाली, चूक भट्टीवाल्याची. भट्टीवालाही मेला होता, त्यामुळे त्याने काही उलट उत्तर दिलं नाही.

एका वसंतात बातमी आली की धरण उंच होणार. जवळचं जंगल संपलं होतं, आता वरच्या सरोवरांतून ओंडके तरंगत आणायचे, म्हणून तळं मोठं हवं. लेम्पीने कपड्यांची बादली तिथेच ठेवली आणि ओल्या हातांनी क्रँडलच्या कचेरीत गेली. आम्ही चारपाच बायका मागोमाग.

"साहेब, पाणी कुठवर येणार?"

"खालच्या सपाटीवर," क्रँडल म्हणाला. बोलणं अगदी मवाळ त्याचं. आवाज म्हणून कधी चढवायचा नाही.

"तिथे आमची माणसं आहेत."

"तिथे क्रूस आहेत, मिसेस रौतिओ. ते आपण काढून चर्चच्या भिंतीला लावू. ओळीने. छान दिसतील."

"आणि क्रुसांच्या खाली जे आहेत ते?"

"त्यांना ओलं काय, कोरडं काय."

"तुमच्या आईला कुठे पुरलंय, साहेब?"

त्याने चेहरा तसाच ठेवला, फक्त कान लाल झाले. "बाई, मला काम आहे."

"उंच जागा द्या. आमचे आम्ही हलवू. तुमचा एक माणूस नको."

"उंच जागेवर फळ्यांचे ढीग आहेत," तो म्हणाला. "फळ्यांना ओल लागून कसं चालेल?"

खरंच असंच म्हणाला. मी कानांनी ऐकलंय. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही बाहेर आलो. लेम्पी पायरीवर उभी राहून ढिगांकडे बघत होती. वर ताडपत्र्या घातलेल्या, खाली दगड लावून जमिनीपासून उचललेले ढीग, एकेक घराएवढा.

मग आम्ही पाद्रीबाबांकडे गेलो. चर्चची सरपणाची गाडी कंपनीकडून यायची, त्यामुळे त्यांचा देवही जरा जपूनच बोलायचा. म्हणाले, "मुलींनो, देव पाण्यातूनसुद्धा माणूस उचलतो."

लेम्पी म्हणाली, "उचलेल हो. पण क्रँडल त्याला धरणाच्या आत येऊ देईल का?"

घरी वाइनोचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. 

"ऑस्कारी तुझा भाऊ होता, मला कळतं," तो म्हणाला. "पण क्रँडलने घराबाहेर काढलं तर पोरं घेऊन कुठे जायचं? खुंटावर बसायचं?"

"तुझा मित्रही होता तो. आपल्या लग्नात तुझ्याच बाजूने उभा होता."

"सायमा, मेलेल्यांसाठी जिवंतांना मारू नकोस."

"मग मी मेल्यावर मला कुठे टाकशील तेही आत्ताच सांग. तळ्यात? की गिरणीच्या भट्टीत? तिथे ऊब तरी आहे."

तो दार आपटून गेला. भिंतीपलीकडून लेम्पीचा आवाज आला, "सायमा, कॉफी ठेवलीय. ये."

तिच्याकडे झोझेट बसली होती. झोझेट ओजिब्वे बाई, इथल्या मूळच्या लोकांतली, जंगली तांदूळ आणि निळी बोरं विकायला गल्लीत यायची. लेम्पीच्या हातचा वेलदोड्याचा वेणी-पाव तिला आवडायचा. लेम्पीने तिला सगळं सांगितलं. झोझेट पाव खात ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आज तुम्हाला पाणी दिसलं."

"म्हणजे?"

"आता ओंडके तरंगतात तिथे आमची माणसं आहेत. माझी आजी आहे. पहिलं धरण घातलं तेव्हा आम्हीही गेलो होतो कचेरीत. तेव्हा क्रँडल नव्हता, दुसरा होता. तोही असाच गोड बोलायचा."

लेम्पी म्हणाली, "आम्ही तेव्हा आलोही नव्हतो इकडे."

"तू नव्हतीस. तुझा नवरा होता. दगड टाकणाऱ्यांत. मी काठावरून बघितलंय त्याला."

लेम्पीने कप खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिने झोझेटपुढे उरलेला पाव सरकवला, आणि झोझेटने तो घेतला नाही. जाताना दारात ती म्हणाली, "पाणी चढवतील तेव्हा सांगणार नाहीत. आम्हाला सांगितलं नव्हतं."

ती गेली तसं लेम्पी खिडकीपाशी उठून गेली. तिथून टेकडी दिसायची. "उंच जागा नाही म्हणे," ती म्हणाली. "ती काय उंच जागा. कोरडी, सपाट, गवत राखलेली. फळ्यांचे ढीगही नाहीत तिच्यावर."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. कळलं तेव्हा हसू आलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि हसू थांबलं.

जूनअखेर कंपनीने गिरणी आठवडाभर बंद ठेवली, कारण धरणाच्या नव्या झडपा बसवायच्या होत्या. बंद म्हणजे बिनपगारी बंद. क्रँडल म्हाताऱ्या विंडलला आणायला सेंट पॉल शहरात गेला. मालकाच्या हस्ते झडपा खाली पाडून पाणी अडवायचं, असा बेत होता. बँड येणार होता. आणि क्रँडल गाडीत बसला त्याच दुपारी लेम्पी फावडं घेऊन सपाटीवर गेली.

तिने काल्लेपासून सुरुवात केली. आम्ही बायका मागून पोचलो. मग दोन म्हातारे आले, ज्यांना कंपनीने आधीच काढून टाकलं होतं आणि ज्यांचं आता काही जाणार नव्हतं. संध्याकाळी वर पाहिलं तर वाइनो उतारावरून येत होता, खांद्यावर फावडं आणि मागे त्याच्या पाळीतले सगळे.

"काय बघतेस?" तो माझ्यावर खेकसला. "सरक. तुला खणता येत नाही."

त्या सपाटीवर काय दिसलं ते मी सगळं सांगणार नाही. ओल्या जमिनीत सालीच्या फळ्या केव्हाच कुजल्या होत्या. खोकी उरलीच नव्हती. ऑस्कारीला मी त्याच्या पट्ट्याच्या बक्कलावरून ओळखलं. आइलीचं फार काही नव्हतं. लोकरीची टोपी होती, लेम्पीने विणलेली. ती तिने हातात घेतली, माती झटकली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली, आणि पुढच्या कबरीवर गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिच्या जवळ उभं राहायची भीती वाटत होती.

"यांना न्यायचं कशात?" वाइनोने विचारलं.

लेम्पी म्हणाली, "फळ्यांत. त्या राखून ठेवल्यात ना, ओल लागू न देता."

वखारीचा राखणदार ओले त्वेइत नावाचा नॉर्वेचा माणूस होता. पुरुष तिकडे गेले तेव्हा त्याने त्यांना बघितलं, पाइप पेटवला आणि नदीकडे तोंड करून बसला. त्याची बायकोही खाली सपाटीवर पुरलेली होती. जाता जाता वाइनोला एवढंच म्हणाला, "तिच्यासाठी बिनगाठीची फळी बघ."

पहिल्या प्रतीच्या फळ्या त्या. रुंद, पांढऱ्या, एकही गाठ नाही, टोकाला कंपनीचा तांबडा शिक्का. असली फळी आमच्यापैकी कुणाच्याही घरात नव्हती. त्या आठवड्यात गल्लीत दिवसभर हातोड्यांचे आवाज होते. ज्या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरांसाठी लाकूड कापलं ती पहिल्यांदा आपल्या माणसांसाठी कापत होती. त्यांनी कोपरे असे जुळवले की नख जाणार नाही. रोज काम संपलं की सगळे सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीत, जाऊन अंग भाजून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत.

रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली, आणि चर्चमध्ये कोणी गेलं नाही. आम्ही पेट्या खांद्यावर घेतल्या आणि टेकडीची वाट धरली. पाद्रीबाबा दारात उभे होते. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग टोपी घातली आणि सगळ्यांच्या मागून चालायला लागले. तेवढं त्यांच्याकडून झालं, ते मी त्यांच्या नावावर मांडते.

मिसेस क्रँडल व्हरांड्यात न्याहारी करत होती. तिने आधी पेट्या पाहिल्या, मग लेम्पीला. लेम्पी हिरवळीच्या मधोमध गेली, जिथे साहेबाच्या घरचे चेंडूच्या खेळासाठी लोखंडी कमानी रोवायचे. एक कमान उपटून तिने बाजूला ठेवली आणि फावडं मारलं. गवत सुंदर होतं. गालिचासारखी वळकटी निघाली त्याची.

मिसेस क्रँडल म्हणाली, "अहो... अहो, हे काय करताय?"

"पुरतोय," लेम्पी म्हणाली. "तुम्ही न्याहारी करा."

अर्धे खड्डे झाले होते तेव्हा स्टेशनवरून बग्गी आली. क्रँडल उडी मारून उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा चढलेला आवाज ऐकला. "थांबा! ही खासगी जागा आहे! एकेकाला तुरुंगात घालीन!"

कोणी थांबलं नाही. फावड्यांचा आवाज तसाच चालू राहिला. त्याच्या मागून म्हातारा विंडल काठी टेकत आला. ज्याच्या नावाचं गाव होतं त्याला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. लहानखुरा, स्वच्छ, नातवंडांचे लाड करणाऱ्या आजोबांसारखा. तो थेट काल्लेच्या पेटीपाशी गेला. मला वाटलं, टोपी काढेल. त्याने वाकून पेटीवर हात फिरवला, टोकाचा शिक्का पाहिला आणि क्रँडलकडे वळून म्हणाला, "ही तर पहिल्या प्रतीची फळी आहे!"

फावडी थांबली. सगळीच. क्रँडलच्या ओरडण्याने थांबली नव्हती ती या एका वाक्याने थांबली.

लेम्पी खड्ड्यातून वर आली. चेहऱ्यावर, केसांत माती. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही.

"हो साहेब. पहिल्या प्रतीची. आत माणूसही पहिल्या प्रतीचा आहे. तुमच्या साखळीखाली मेला तो. आधी तुम्ही त्याला साल दिली होती. साल कुजली, म्हणून बदलली."

विंडल म्हणाला, "बाई, चोरी ही..."

"कापली कोणी? ओढली कोणी? रंधा कोणी मारला? यातल्या प्रत्येक फळीला इथल्या कुणाचा ना कुणाचा हात लागलाय. तुमचा आज पहिल्यांदा लागला. कशी वाटली?"

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. क्रँडल म्हणाला, "उद्याच्या उद्या हे सगळं उकरून काढीन."

"काढा ना," लेम्पी म्हणाली. "स्वतःच्या हाताने काढा. फावडं इथेच ठेवते."

तिने खरोखरच फावडं त्याच्या पायाशी रोवलं, आणि वाइनोचं मागून घेऊन परत खड्ड्यात उतरली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, मालकाच्या डोळ्यांदेखत, थरथरत्या आवाजात का होईना. बँडवाले फाटकापाशी वाद्यं काखेत धरून उभे होते. त्यांतल्या एकाने टोपी काढली, मग बाकीच्यांनी.

झडपा त्या दिवशी पडल्याच. पाणी सपाटीवर आलं, पण तिथे आमचं कोणी नव्हतं.

सोमवारी क्रँडलने माणसं बोलावली. कोणी पुढे आलं नाही. त्याने बाहेरगावहून मजूर आणले. तोवर जिल्ह्याचा आरोग्य डॉक्टर आला होता. घटसर्पाची पोरं यात आहेत ऐकल्यावर त्याने रुमाल नाकाला लावला आणि सांगितलं, "आता एक ढेकूळ इकडचं तिकडे करायचं नाही." मजूर आले त्याच गाडीने परत गेले. क्रँडलने पडदे बदलून जाड लावले. पानगळीच्या सुमारास त्याची बायको माहेरी गेली ती आलीच नाही.

पण तुम्हाला वाटत असेल आम्ही जिंकलो, तर तसलं काही झालं नाही. आठवडा उलटायच्या आत लेम्पीचं सामान रस्त्यावर आलं. आमचंही, आणि ओले त्वेइतचंही. वाइनोचं नाव सगळ्या गिरण्यांत गेलं. नदीच्या वर-खाली कुठेही गेला तरी फोरमन नाव ऐकून मान हलवायचा. त्याच वर्षी माझ्या धाकट्याचा खोकला छातीत उतरला, कारण तो हिवाळा आम्ही ताडपत्रीच्या झोपडीत काढला. तो जगला, पण एक फुप्फुस कामातून गेलं. हे त्या पुस्तकात कुठे लिहिलंय? कोणत्या पानावर?

निघायच्या आधी लेम्पी झोझेटला शोधत तळ्याच्या काठी गेली. मी बरोबर होते. लेम्पी म्हणाली, "टेकडीवर एक फळी तुझ्या माणसांसाठी लावू का? नावं सांग, मी कोरून घेते."

"नको," झोझेट म्हणाली. "फळीने काय होणार? तुमची वर आली, बरं झालं. माझा राग राहू दे माझ्याजवळ. तुझ्या फळीखाली नको झाकूस."

लेम्पीने मान हलवली. तिला ते पटलं, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं.

कंपनीने जंगल तोडून टाकलेल्या जागेत आम्ही दोन्ही घरांनी शेजारी-शेजारी जमीन घेतली. जमीन कसली, खुंटच खुंट. ते उपटायला घोडा आणि साखळी लागायची, आणि पुष्कळ राग. लेम्पीकडे घोडा नव्हता. आमचा घ्यायची. खुंटाची मुळं तोडताना ती प्रत्येक घावाला क्रँडलचं नाव घ्यायची, कधी विंडलचं, आणि एखादं फारच चिवट मूळ आलं तर कंपनीच्या सगळ्या संचालकांचं. वाइनो म्हणायचा, "बाई, जरा दमानं, घोडा घाबरतो." दोन उन्हाळ्यांत तिथे बटाटे आले, मग राय हे गव्हासारखं धान्य, मग एक गाय.

लाकूड संपल्यावर कंपनीने गिरणी उचकटली, यंत्रं आगगाडीत घातली आणि पश्चिमेला गेली, नवीन जंगलात. घरं पाडून फळ्यासुद्धा नेल्या. शेवटच्या दिवशी भोंगा एकदा वाजवणार म्हणून आजूबाजूची माणसं जमली होती. आम्हीही गेलो. भोंगा वाजला तशी पुष्कळांनी डोळे पुसले, ज्यांची बोटं त्या करवतीत गेली त्यांनीसुद्धा. वाइनोनेही डोळ्यांना बाही लावली. मला त्याचा असा राग आला की मी त्याच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिले.

लेम्पीने भोंगा संपेपर्यंतही वाट पाहिली नाही. ती टेकडीवर जाऊन कबरींवरचं गवत उपटून आली होती, हात हिरवे झाले होते.

"चल गं सायमा," ती म्हणाली. "धारेची वेळ झाली."